उत्तर आधी वहीत, मग परीक्षानळीत

संपादक महोदय,

द्रवातले स्टार्च, साखर, प्रथिने ओळखण्याचे प्रयोग शाळेत होतात खरे, पण उत्तर मुलांना आधीच ठाऊक असते. आयोडीनचा थेंब पडण्याआधीच वहीत ‘निळा-काळा रंग’ लिहून झालेला असतो! मीही वर्षानुवर्षे तसेच करवून घेतले, हे कबूल करतो.

एकदा मात्र साखर ओळखण्यासाठी वापरतात त्या निळ्या बेनेडिक्टच्या द्रावणाने माझी फजिती केली. साखरेच्या पाण्यात ते घालून नळी ५ मिनिटे उकळत्या पाण्यात धरली, तरी रंग निळाच. वर्ग हसला. एका मुलीने विचारले, “सर, साखर आहे ना ही? मग विटकरी का होत नाही?” तिथून तास रंगला. नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज करतो तसे ती द्रावणातल्या तांब्याचे क्षपण करत नाही, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देत नाही, म्हणून रंग बदलत नाही. तीच साखर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे केले, सोड्याने आम्ल मारले आणि पुन्हा तपासली. निळ्याचा हिरवा, मग पिवळा, शेवटी विटकरी. मागच्या बाकावरची मुले उठून पुढे आली होती.

म्हणून सुचवतो, नळ्यांवर नावे नकोत, नुसते क्रमांक टाका. एकीत निव्वळ ऊर्ध्वपातित पाणी असू द्या आणि ‘काहीच बदल नाही’ या प्रामाणिक नोंदीलाही गुण द्या. स्टार्च-आयोडीनची नळी तापवून पाहू द्या. रंग उडतो, थंड झाल्यावर परत येतो. चष्मा मात्र हवाच, प्रथिने ओळखण्याच्या बाययुरेट चाचणीतला कॉस्टिक सोडा डोळ्यांची गय करत नाही.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक