‘७० टक्के पेशी जिवंत’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दातात भरायचे अमुक सिमेंट ‘मूलपेशींसाठी सुरक्षित’ असल्याचे दावे आता रुग्णांच्याही वाचनात येऊ लागले आहेत. कीड खोल जाऊन नस जराशी उघडी पडली की हे सिमेंट थेट तिच्यावर बसते. अक्कलदाढेच्या नसेत मूलपेशी असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली दाखवले. जखमेनंतर नवे डेंटिन, म्हणजे दाताचा इनॅमलखालचा कठीण थर, घडवायला अशाच पेशी लागतात. म्हणून चाचणी हवीच. पण ती कशी केली हे न सांगता नुसता टक्का छापणे घातक आहे.

आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पदार्थ पेशी वाढवायच्या द्रवात, म्हणजे माध्यमात, ठेवून काढलेला अर्क पेशींना देतात. अर्क न दिलेल्या पेशींच्या तुलनेत जिवंतपणा ७० टक्क्यांखाली गेला, तर पदार्थात विषारीपणाची शक्यता धरतात. सारी मेख त्या अर्कात आहे. पदार्थाच्या घट्ट झालेल्या चकतीच्या दर ३ चौ. सेंमी पृष्ठभागामागे १ मि.ली. माध्यम घेऊन ३७ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवणे, ही रूढ पद्धत. ५ मि.मी. व्यासाच्या आणि २ मि.मी. जाडीच्या चकतीचा पृष्ठभाग भरतो जेमतेम ०.७ चौ. सेंमी, म्हणजे तिला पाव मि.ली.हूनही थोडे कमी माध्यम पुरते. तीच चकती २ मि.ली.मध्ये बुडवली की अर्क आठपटीहून पातळ होतो आणि जवळपास काहीही ‘उत्तीर्ण’ होऊ शकते.

उलट चूकही होते. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोमा लिंडा विद्यापीठातून पुढे आलेल्या एमटीए या कॅल्शियम सिलिकेट सिमेंटचा पीएच कालवताना सुमारे १०.२ असतो आणि तीन तासांत १२.५ पर्यंत चढतो. ताज्या सिमेंटच्या अर्कात माध्यमातले फिनॉल रेड हे पीएच दाखवणारे रंगद्रव्य गडद गुलाबी होते. तेव्हा पेशी मरतात त्या मुख्यतः क्षारतेने. तोंडात मात्र ही क्षारता डेंटिन आणि ऊतींतला द्रव बरीच शमवतो. म्हणून ताजे आणि घट्ट झालेले, दोन्ही नमुने तपासावेत, अर्क १:२, १:४, १:८ असा पातळ करत जावा आणि दर पायरीला पीएच लिहावा. आम्ल घालून पीएच ७.४ वर आणला असेल तर तेही लिहावे, कारण मग तपासला जातो तो वेगळाच द्रव. कंपोझिटचे, म्हणजे प्रकाशाने कडक होणाऱ्या दातरंगी रेझिनचे, दुखणे निराळे आहे. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचा वरचा थर पुरता कडक होत नाही आणि त्यातून हेमा, टेगडीएमए हे मोनोमर (न जुळलेले सुटे रेणू) झिरपतात. पारदर्शक पट्टीखाली लाइट मारलेली चकती आणि उघड्यावर मारलेली चकती, यांना एकच आकडा कसा लावणार?

जिवंतपणाचा टक्का बहुधा ज्या एमटीटी चाचणीतून येतो, तिच्यात जिवंत पेशींमुळे पिवळ्या द्रावणाचे जांभळे स्फटिक होतात. ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला रंग मोजतात. ही मोजणी पेशींच्या चयापचयाची आहे, संख्येची नाही. शिवाय मूलपेशींच्या माध्यमात अनेकदा ॲस्कॉर्बिक आम्ल असते आणि ते पेशी नसतानाही रंग आणू शकते. त्यामुळे पेशीविरहित वेल (चाचणीच्या प्लेटमधले छोटे खळगे) ठेवलेच पाहिजेत. ९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या वेलमधले माध्यम लवकर सुकते, तिथे पेशींऐवजी नुसते बफर द्रावण भरावे.

पेशी कुणाच्या, हा प्रश्न तर बहुतेक जण विचारतच नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळणाऱ्या एल९२९ या उंदराच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतींतल्या) पेशी प्राथमिक तपासणीला उत्तम आहेत, पण त्यांच्यावरून मूलपेशींबद्दल दावा करता येत नाही. त्यासाठी काढलेल्या अक्कलदाढेचा पल्प, म्हणजे नसेचा मऊ गाभा, दर मि.ली.मागे ३ मि.ग्रॅ. कोलॅजिनेज आणि ४ मि.ग्रॅ. डिस्पेज या ऊती विरघळवणाऱ्या विकरांमध्ये तासभर ठेवून ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळतात. मग पेशींची ओळख पटवणाऱ्या पृष्ठभागावरच्या खुणांपैकी सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ किमान ९५ टक्के पेशींवर दिसावेत, सीडी३४ आणि सीडी४५ प्रत्येकी जास्तीत जास्त २ टक्क्यांवर. एकाच दाढेच्या पेशींचे सहा वेल म्हणजे सहा दाते (दाढ देणाऱ्या सहा व्यक्ती) नव्हेत. निदान तीन दात्यांच्या पेशी घ्याव्यात.

जगलेली पेशी डेंटिन घडवेलच असेही नाही. त्यासाठी साधारण २१ दिवसांनी ॲलिझरिन रेड या लाल रंगद्रव्याने पेशींनी साठवलेले खनिज रंगवतात. इथे सर्वात मोठी फसगत होते. कॅल्शियम सिलिकेट सिमेंटमधून सुटणारे कॅल्शियम माध्यमातल्या फॉस्फेटशी मिळून स्वतःच साका धरू शकते आणि पेशी नसलेला वेलही लाल दिसतो. त्या रिकाम्या वेलचे छायाचित्र शेजारी नसेल, तर तो लाल रंग पुरावा धरू नये.

आपल्या दंतमहाविद्यालयांतल्या शोधप्रबंधांसाठी जिथे ही चाचणी बाहेरून करून घेतली जाते, तिथे मार्गदर्शकांनी एका आलेखावर समाधान मानू नये. चकतीचे माप, माध्यमाचे आकारमान, पीएच, दात्यांची संख्या आणि मूळ वाचने परिशिष्टात जोडून घ्यावीत. वृत्तपत्रांनाही विनंती आहे की ‘सुरक्षित’ हा शब्द छापण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : अर्क किती पातळ होता, सिमेंट ताजे होते की घट्ट, आणि पेशी माणसाच्या होत्या की उंदराच्या.

– दंतसाहित्य चाचणी क्षेत्रातील काही अभ्यासक, पुणे