कॅम्पर कोकणात आणताय? आधी तिथी बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी उलटली की मुंबई-गोवा रस्त्यावर छपरावर सोलर पॅनेल आणि मागे शिडी लावलेल्या छोट्या कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या व्हॅन, दिसू लागतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना मांडली. पार्क व्हायचे तेव्हा होतील. तोवर या गाड्या मोडतात कुठे, अडतात कुठे आणि गावाला त्यांचा त्रास कशाने होतो, ते अशा गाड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे म्हणून लिहीत आहोत.

पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा हा महामार्ग पळस्प्याहून सुटून कशेडी, परशुराम असे घाट घेत सावंतवाडीकडे जातो. नुसते गोव्याला पोचायचे असेल तर त्यासाठी कॅम्पर कशाला हवी? तिचा उपयोग माणगावहून श्रीवर्धनला, खेडहून दापोलीला, चिपळूणहून गुहागरला उतरण्यात आहे. एकदा किनाऱ्याला लागले की पुढची खाडी फेरीबोटीने, म्हणजे इथल्या भाषेत जंगलजेटीने ओलांडायची: आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. एकेका खाडीचा लांबलचक वळसा वाचतो. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांत मागचा सांडपाण्याचा पाइप तुटलेल्याच जास्त असतात आणि तो बहुतेक वेळा या धक्क्यांवरच तुटलेला असतो.

कारण सरळ आहे. पाणी उतरले की बोट खाली बसते आणि धक्क्याच्या उताराला तिची फळी कोनात टेकते. व्हॅनचा मागचा भाग चाकाच्या आसापासून साधारण दीड मीटर बाहेर असतो. तो जमिनीपासून ३५ सेंटिमीटर उंच असेल तर गाडी १३ अंशांचा कोन सोसते. पण सांडपाण्याचा पाइप १५ सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर हाच कोन ८ अंशांच्या आत येतो आणि पाइप फळीला लागतो. म्हणून पाइप आणि त्याचा व्हॉल्व्ह चॅसीच्या वर, दोन आसांच्या मध्ये घ्यावा. ते जमत नसेल तर दीड मीटर लांबीच्या दोन जाड फळ्या गाडीत ठेवाव्यात आणि जिथे कोन पडतो तिथे मागच्या चाकांखाली द्याव्यात.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे आणि दक्षिणेला जावे तशी वेळ थोडी अलीकडे येते, पण धक्क्यावर कधी जावे हे ठरवायला तेवढा पुरतो. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास भरती, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी, आणि तीही उधाणाची, पाणी सर्वांत खाली नेणारी. सूर्यास्त बघून शेवटच्या बोटीला धावणारे नेमके तेव्हा पोचतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढते-उतरते तेव्हा, एवढी चिंता नसते. बोटीत गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा, चाकाला ओंडका लावावा आणि गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला भोक वर पाडून उपयोग नाही, ते तळालाच हवे.

घाटाबद्दल एवढेच, की ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरा. पाणी, पलंग, बॅटरी, सामान भरल्यावर गाडी किती किलोची झाली हे बहुतेकांना माहीत नसते. जवळच्या वजनकाट्यावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळी तोलून घ्या आणि आरसीवरच्या आकड्याशी ताडून बघा. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, आणि तेवढे दोन माणसांना दोन दिवस पुरते. टाकी मागच्या आसाच्या पलीकडे बसवली की पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंग सैल लागते.

विजेचा हिशेब बाहेरून आलेल्यांचा हमखास चुकतो, कारण तो कोरड्या थंड हवेचा असतो. ४५ वॉटचा १२ व्होल्टचा फ्रिज आपल्या उकाड्यात निम्मा दिवस तरी चालतो, म्हणजे ४५ अँपिअर-तास. रात्रभर पंखा १२, दिवे आणि मोबाइल आणखी पाच-सहा. साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढले की तिचे आयुष्य घटते, म्हणजे १०० ची बॅटरी ५० च देते आणि पहाटे फ्रिज बंद पडतो. लिथियम फॉस्फेटची घेतली तर ८० पर्यंत निर्धास्त वापरता येते. १६० वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला ४५ च्या आसपास भरते, पण वाडीतल्या झाडांच्या सावलीत त्याच्या निम्मेसुद्धा नाही. उरलेले चालत्या इंजिनातून घ्यायचे, तर नव्या बीएस-६ गाड्यांत दोन बॅटऱ्या जोडणारा नुसता रिले, म्हणजे स्विच, चालत नाही. इंजिनाची बॅटरी भरली की अल्टरनेटर व्होल्टेज उतरवतो, तिथे ते पुन्हा वाढवून देणारा डीसी-डीसी चार्जरच हवा. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट पूड धरते. ती गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून व्हॅसलीन चोपडा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा, पलंगाखाली दोन मीटर वायरीनंतर नव्हे.

मुक्कामाला आमचा ठोकताळा असा, की जिथे एसटी वळते तिथपर्यंत कॅम्पर न्यावी. पुढे मुरूड-आंजर्ल्याच्या वाड्यांत दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर फणसाच्या फांद्या, आणि समोरून रिक्षा आली की मागे कोण जाणार हा प्रश्न. मात्र वस्तीच्या एसटीची जागा अडवू नका, ती रात्री येते आणि पहाटे सुटते. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी उतरवू नये, मग ती फोर बाय फोर असो. माडाखालीही उभी करू नये. नारळाचे सगळ्यांना ठाऊक असते, पण सुकलेली झावळी देठाकडून पडते आणि तो देठ सोलरची काच फोडतो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, ऊन आणि वारा दोन्ही उत्तम, पण कातळावर चाके चढवण्याआधी उतरून बघा. कशेळी, उक्षी, बारसू इथली कातळशिल्पे जमिनीसपाट आहेत आणि तिरप्या उन्हाशिवाय चटकन दिसत नाहीत.

आता गाऱ्हाणे. कॅम्परमधल्या संडासाची पेटी साधारण २० लिटरची असते आणि दोन माणसांची ती तीन दिवसांत भरते. मग ती रिकामी कुठे होते? सुरूच्या बनात, पऱ्यात (ओढ्यात), रस्त्याकडेच्या गटारात. कोकणातला जांभा सच्छिद्र आहे, किनाऱ्याची जमीन तर रेतीच, आणि पिण्याची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर. वरून ओतलेले खाली झिरपायला वेळ लागत नाही. जी मंडळी शहाणपणाने हॉटेलच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी करू पाहतात, त्यांना नकार मिळतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. फॉर्मल्डिहाइडचे निळे औषध टाकीतले जिवाणू मारते आणि मग टाकी तुंबते. जैविक एन्झाइमचे औषध वापरले तर ही अडचण येत नाही.

यासाठी पार्कची वाट बघायला नको. जेटीजवळ किंवा एसटी स्थानकात जिथे सार्वजनिक शौचालय आणि त्याची टाकी आहे, तिथे बाहेरून दीड फूट बाय दीड फुटांचे झाकणाचे तोंड, त्याला चार इंची पाइप, धुवायला एक नळ आणि ‘निळे औषध चालणार नाही’ अशी पाटी. एका गवंड्याचे दोन दिवसांचे काम. चारही खाड्यांच्या तिकीटखिडकीवर पेटीमागे ५० रुपये घ्या, कॅम्परवाले आनंदाने देतील. तिथेच खडूने त्या दिवसाच्या ओहोटीची वेळही लिहावी. तिकीट फाडणाऱ्याला ती तोंडपाठ असतेच.

आपले,
कॅम्पर बांधणारे दोघे, चिपळूण