शनिवारच्या सिनेमांसाठी

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतीस. "आई, दहा मराठी सिनेमे सांग ना पटकन, दर शनिवारी एक लावायचाय," एवढं म्हणालीस आणि तुझी मीटिंग सुरू झाली. मी वही घेऊन बसले, तर दहाची तेवीस नावं झाली. मग ती सगळीच खोडली. नुसती नावं तुला कुठेही मिळतील. तुमच्या त्या हॉलमध्ये गादीवर कोण कोण बसणार आहे, हे मला तुझ्या बोलण्यातून थोडंफार कळलंय. म्हणून तुम्हा चौघींना डोळ्यांपुढे ठेवून लिहिते. सिनेमा कोणाला आणि कधी दाखवायचा हे चुकलं, की चांगला सिनेमाही वाया जातो आणि तो माणूस पुन्हा त्या वाटेला फिरकत नाही. तुझ्या बाबांच्या बाबतीत मी हे करून बसले आहे. लग्न झाल्या झाल्या त्यांना एक फार संथ सिनेमा दाखवला, त्यानंतर चार वर्षं ते माझ्याबरोबर थिएटरात आले नाहीत.

पहिल्या शनिवारी 'वळू' लाव. 2008 चा, उमेश कुलकर्णींचा. गावात एक सोडलेला वळू आहे, डुरक्या. गावात काहीही मोडलं-सांडलं की खापर त्याच्यावर. त्याला पकडायला वनखात्याचा अधिकारी येतो, आणि त्याचा भाऊ कॅमेरा घेऊन या सगळ्याची डॉक्युमेंटरी करत हिंडतो. गाव म्हणजे काय चीज असते, एकाच गोष्टीच्या दहा तऱ्हा दहा तोंडांनी कशा सांगितल्या जातात, हे त्या कॅमेऱ्यापुढे आपोआप उलगडत जातं. भाषा येत नसली तरी माणसं कळतात. तुझ्या मनात 'बनवाबनवी' असणार, मला माहीत आहे. पण तो आत्ता नको. त्यातली निम्मी गंमत अशोक सराफ शब्द कुठे तोडतात आणि कुठे गिळतात यात आहे. खालच्या इंग्रजी ओळीत त्यातलं काही उतरत नाही. तू एकटी हसत बसशील आणि बाकीच्या तुझ्या तोंडाकडे बघत राहतील. सहा महिन्यांनी त्यांच्या कानाला आपली भाषा बसली की मग लाव.

तुझ्या केरळच्या मैत्रिणीचा मला फार आधार वाटतो. तिला सिनेमा कळतो हे तू सांगितलंस तेव्हाच मी खूश झाले होते. अगं, मी कॉलेजात असताना रविवारी दुपारी दूरदर्शनवर दुसऱ्या भाषांमधले सिनेमे लागायचे. जेवणं झाली की घरातले सगळे आडवे व्हायचे आणि मी एकटी टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचे. मल्याळम, बंगाली, कन्नड, आसामी. मांडीवर डिक्शनरी. खालची ओळ वाचून होईपर्यंत ती जायची, आणि राहिलेला अर्थ मी चेहऱ्यांवरून लावायचे. माझं निम्मं इंग्रजी तिथे झालं, आणि चेहरे वाचायची सवयही तिथलीच. तेव्हा तिला सांग, माझ्या यादीच्या बदल्यात मला तिच्याकडून पाच नावं हवीत. तिच्या आईला आवडणारी.

तिच्यासाठी 'सामना'. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. साखर कारखान्याच्या जोरावर सगळा मुलूख मुठीत ठेवलेला हिंदुराव म्हणजे निळू फुले. आणि त्याच्या दारात येऊन पडलेला दारुडा मास्तर म्हणजे डॉ. लागू. मारुती कांबळे नावाच्या एका माणसाचं पुढे काय झालं, एवढा एकच प्रश्न मास्तर धरून बसतो. हिंदुराव त्याला हाकलत नाही. घरात ठेवून घेतो, पाजतो, गप्पा मारतो. मी उसाच्या भागात वाढले, त्यामुळे असे हिंदुराव मी लग्नाच्या पंगतीत वाढप बघत उभे असलेले पाहिले आहेत. ते कधी आवाज चढवत नाहीत. निळू फुल्यांनी ती चाल, तो मऊपणा नेमका पकडलाय. मैत्रिणींना सांग, बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याकडे बघा. दोघांपैकी जो गप्प असतो त्याच्या चेहऱ्यावर सिनेमा चालू असतो.

हैदराबादची वकीलीण आहे ना, तिला 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे याचा पहिला सिनेमा, तोही पंचविशीतल्या मुलाने केलेला. 2014 मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार आणि नंतर आपल्याकडे सुवर्णकमळ. एका लोकशाहिरावर खटला भरलाय, का तर त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने जीव दिला म्हणे. कोर्टातल्या तारखा, अर्ज, पुढची तारीख, हे सगळं ती रोज बघत असेल. मला जास्त आवडतं ते कोर्ट सुटल्यानंतरचं. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात, स्वयंपाकाला लागतात. दिवसभर एका माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी झगडलेली बाई संध्याकाळी आपल्यातुपल्यासारखी कुकर लावते, आणि तिचा रागही करता येत नाही. गीतांजली कुलकर्णींनी ते फार सरळ केलंय. शेवटाकडे सुट्टी लागते, कोर्टातले दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. तिथे कोणीतरी हमखास उठून लाइट लावतं. लावू देऊ नकोस. सिनेमा संपलेला नसतो.

'फँड्री' बद्दल मात्र माझं एक ऐक. तो लावायच्या आधी काहीही सांगू नकोस. जातीवरचा सिनेमा आहे, असं तर मुळीच नको, कारण मग माणसं शहाणी होऊन, हात बांधून बसतात. एका पोराचं एका पोरीवर प्रेम आहे आणि त्याला एक काळी चिमणी पकडायचीय, एवढं पुरे. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर, हे नंतर कळलं तरी चालेल. त्यात एक प्रसंग आहे. त्या पोराचं, जब्याचं, सगळं घर डुकराच्या मागे रानोमाळ धावतंय, डुक्कर आता हातात येणार, आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो. मग बाकीचे थांबतात. डुक्कर निघून जातं. मी शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईकडे बघितलं तर तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही, आणि माझंही मला कळत नव्हतं. नागराज मंजुळे यांनी यानंतर 'सैराट' केला, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाच असेल. 'फँड्री' संपल्यावर लगेच चहा, चर्चा, "कसा वाटला" असलं काही करू नका. ज्याला बोलायचं असेल तो बोलेल.

म्हैसूरची मुलगी गाणं शिकते म्हणालीस. तिच्यासाठी ताम्हाणेचाच 'द डिसायपल' आहे, नेटफ्लिक्सवर. पण तिचा पुढच्या महिन्यातला कार्यक्रम होऊन जाऊ दे. आयुष्यभर रियाज करूनही गाणं आपल्यापाशी येत नाही, असं वाटत राहणाऱ्या एका मुलाची ती गोष्ट आहे. ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर ती कोणाच्या डोक्यात भरवू नये. रात्री रिकाम्या रस्त्यावर तो मोटारसायकलवरून हळूहळू जातोय आणि कानात त्याच्या गुरुजींच्या गुरू माईंचा जुना रेकॉर्ड केलेला आवाज, गाण्याबद्दल बोलणारा. त्या माई पडद्यावर दिसत नाहीत. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे, ज्यांनी सुनील सुकथनकरांबरोबर 'देवराई', 'अस्तु', 'कासव' केले. एप्रिल 2021 मध्ये त्या गेल्या, तेव्हापासून मला तो आवाज वेगळाच ऐकू येतो. नायकाचं काम करणारा आदित्य मोडक स्वतः शिकलेला गायक आहे, त्यामुळे तान कुठे अडते, श्वास कुठे कमी पडतो, ते तिला बरोबर समजेल. त्या दिवशी चिवड्याचा डबा उघडू नका. तंबोऱ्यावर चिवड्याचा आवाज फार लागतो.

तिलाच आधी 'संत तुकाराम' दाखव. 1936 चा, प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा. काळा-पांढरा, जुना, म्हणून नाक मुरडतील. पहिली पंधरा मिनिटं मुरडू दे. विष्णुपंत पागनीस गायला लागले की बघ. त्यांचा चेहरा कुठेही 'अभिनय' करत नाही. आणि मला तर तुकारामापेक्षा त्याची जिजाई जास्त जवळची वाटते, गौरी नावाच्या नटीने केलेली. म्हैस धुणारी, पोरांना काय घालू म्हणून कावलेली, पोरगं आजारी पडलं तर वहाण घेऊन थेट देवळात विठोबाला जाब विचारायला निघणारी. त्या देवळात ती चिडलीय की रडतेय, की भक्तीच करतेय, सांगता येत नाही. 1937 मध्ये व्हेनिसला या सिनेमाचं कौतुक झालं होतं. त्यातलं 'आधी बीज एकले' हे गाणं शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिलेलं, पण माझी आजी ते तुकोबांचाच अभंग म्हणून म्हणायची. मी एकदा खरं सांगितलं तर म्हणाली, "असू दे, त्यांनाही आवडलं असतं." प्रभातचा स्टुडिओ म्हणजे आपण गेलो होतो ती पुण्यातली फिल्म इन्स्टिट्यूट, आठवतं? तू तिथल्या झाडाखाली चिंचा वेचत बसली होतीस.

रोज रात्री जेवताना काहीतरी हलकं लागतं म्हणालीस ना, त्याला 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी'वरून केलेली मालिका, केदार शिंदेची. आबा, शेखर, श्यामल, शिऱ्या, शलाका. एका घरातली पाच माणसं, आणि कोणाचंही वाटोळं करायला कोणी निघालेलं नाही. वकीलीणबाईंचे आजोबा रोज रात्री फोन करतात म्हणालीस, तर तिला आबा आवडतील.

आता 'किल्ला'. हा कोणासाठी सांगू? तुझ्यासाठीच सांगते. 2015 च्या पावसाळ्यात आपण दोघी गेलो होतो, तू अकरावीला होतीस. वडील गेल्यावर आईची बदली झाली म्हणून पुणं सोडून कोकणात आलेला चिन्मय, आणि ऑफिसात एकटी पडलेली त्याची आई अमृता सुभाष. पोरं त्याला किल्ल्यावर सोडून पळतात आणि वर पाऊस कोसळतो, तिथे तू माझा हात धरलास. घट्ट नाही, नुसता वर ठेवलास. अविनाश अरुण यांनी स्वतःच कॅमेरा केलाय आणि पाऊस असा टिपलाय की थिएटरात गारठा वाटत होता, पण मला तुझ्या तळव्याची ऊबच आठवते. माझी कोकणात बदली झाली तेव्हा तू चौथीत होतीस. मी तुला नेलं नाही. आजीपाशी ठेवलं, दोन वर्षं. शाळा चांगली होती, आजी होती, सगळी कारणं खरी होती. चिन्मयच्या आईने पोराला बरोबर नेलं आणि तरी त्याला एकटं वाटलं, हे बघून मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. तुला त्या दिवशी काय वाटलं, ते मी कधी विचारलं नाही. आपण बाहेर येऊन कणीस खाल्लं आणि रिक्षा केली.

राहिला 'उंबरठा'. तो मी सोळा वर्षांची असताना, 1982 मध्ये, माझ्या आईबरोबर पाहिला. स्मिता पाटीलची सुलभा नवरा, सासर, लहान मुलगी मागे ठेवून दूरच्या गावी महिला सुधारगृहाची नोकरी धरते. इकडे मुलीला काकूचा लळा लागतो. परत यावं तर घर तसं राहिलेलं नसतं, आणि ती पुन्हा निघते. मी थिएटरातून बाहेर पडले ती हवेत. आई वाटभर बोलली नाही. मंडईतून मेथी घेतली, रात्री ओट्याशी बसून निवडायला लागली, आणि मान वर न करता म्हणाली, "तिनं पोरीला न्यायला पाहिजे होतं." मी भांडले गं तिच्याशी. तुला काही कळत नाही, म्हणाले. ती मेथी निवडत राहिली.

कोकणात असताना एका रात्री तो टीव्हीवर लागला. मी खोलीवर एकटी होते. सुलभा घरी येते आणि मुलगी तिच्याकडे परक्यासारखी बघते, तिथे मी टीव्ही बंद केला. त्यानंतर आजपर्यंत तो मी पुरा बघितलेला नाही. स्मिता पाटीलचं ते काम मला पाठ आहे, सुरेश भटांचं गाणं पाठ आहे, पण शेवटची वीस मिनिटं मला सोळाव्या वर्षीचीच आठवतात.

म्हणून तो शनिवारच्या यादीत धरू नकोस. मैत्रिणींनी विचारलं तर नंतर बघू म्हण. दिवाळीला येशील तेव्हा चार दिवस जास्त काढून ये. बाबा भाऊबीजेला आत्याकडे जातील. तेव्हा आपण दोघी बघू, शेवटपर्यंत. मध्येच थांबवावासा वाटला तर तू थांबव, किंवा मी थांबवीन.

तुझी,
आई