वर्सोव्याच्या कोळी दादांना, कासवासाठी थँक्यू

दादा,

जुलैमध्ये मोठ्या भरतीनंतर वर्सोव्याला ऑलिव्ह रिडले कासव वाहून आलं होतं, पुढच्या पायात नायलॉन जाळ्याचा तुकडा अडकलेला, आणि आमच्या बिल्डिंगची पोरं "पाण्यात ढकला, पाण्यात ढकला" करत धावली तेव्हा तुम्ही त्यांना अडवलंत, त्याबद्दल हे लिहितेय. बाकी पब्लिक व्हिडिओ काढण्यात बिझी होतं.

कासव आपल्यासारखंच फुप्फुसांनी श्वास घेतं, दमलेलं असलं तर पाण्यात बुडून मरेल, हे तुम्ही सांगितलंत पण ओरडला नाहीत, सरळ कामं वाटून दिलीत. एकाने छत्री धरायची, एकीने ओला कपडा पाठीवर टाकायचा पण नाकावर नाही, बाकीच्यांनी कुत्री आणि सेल्फीवाले लांब ठेवायचे, आणि मी वनखात्याच्या 1926 वर फोन लावायचा. गाडी येईपर्यंत पोरं जागची हलली नाहीत, घरी जेवायला बसवायचं तर नाकी नऊ येतात हो.

त्या वेळात गप्पा मारता मारता तुम्ही जे बोललात ते डोक्यात पक्कं बसलंय त्यांच्या. किनारा साफ झाल्यावर 2018 च्या मार्चमध्ये इथेच पिल्लं निघाली होती, कोळ्याने जाळं कापून कासव सोडलं तर सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं, वगैरे. आता चौपाटीवर गेलो की बाटल्या नंतर, आधी दोऱ्या आणि जाळ्याचे तुकडे उचलतात. मासे आणायला डबा घेतल्याशिवाय मला खाली उतरू देत नाहीत. बर्थडेला फुगे कॅन्सल, कारण गच्चीवरून सुटलेला फुगा शेवटी समुद्रातच पडतो आणि कासव त्याला जेलीफिश समजून खातं. माझ्या जाऊबाईंच्या शोकेसमधले शंख बघून तर लेक म्हणाली, काकू, यातले काही विकायला कायद्याने बंदी आहे, माहितीये का! जाऊबाई अजून रुसल्यात, पण पोरीचं बरोबर होतं त्यामुळे मी गप्प.

बरं, एक काम होतं. डिसेंबरनंतर अंडी घालायचा सीझन ना, तर पोरांना पहाटे चक्कर मारायचीये, वाळूत कासवाच्या खुणा दिसतात का बघायला. टॉर्च नाही, फ्लॅश नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवलंय. तुम्ही बरोबर आलात तर बरं होईल, मला त्या खुणा ओळखता येणार नाहीत.