मॅरेथॉनमधला ढिसाळ कारभार आणि 'अपूर्ण' शेऱ्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, स्पर्धा आयोजन विभाग

विषय: ४२.१९५ किमी गटातले 'अपूर्ण' शेरे काढणे व शुल्क परत करणे

महोदय,

मार्चमधल्या छत्रपती संभाजीनगरच्या मॅरेथॉननंतर सगळ्या तक्रारींना आपण एकच उत्तर धाडलंत: "ऊन आमच्या हातात नाही." मराठवाड्यात मार्चमध्ये ऊन असतं, हे सांगायला पंचांग लागत नाही. सुटायची वेळ, पाणी, मीठ आणि बर्फ मात्र आपल्याच हातात होतं.

जाहीर वेळ पहाटे ५ ची. भाषणं उरकून झेंडा हलला ६.१० ला. साडेपाच तासांत धावणाऱ्याचे शेवटचे दहा किलोमीटर त्यामुळे सव्वानऊऐवजी जवळपास साडेदहाला सुरू झाले, तेही जालना रस्त्याच्या तापलेल्या डांबरावर. कट-ऑफ, म्हणजे स्पर्धा पुरी करायची मुदत, सहा तासांची होती, पण वेळ नोंदवणारी शेवटची मॅट ११ ला उचलली. म्हणजे धावायला मिळाले ४ तास ५० मिनिटं. उशीर आपला आणि शेरा धावणाऱ्याच्या माथी!

पाण्याचा हिशेब तर सरळ आहे. ६०० जणांना प्रत्येकी दोन पेले, पेला १५० मिलिलिटरचा, म्हणजे एका ठिकाणी १८० लिटर: वीस लिटरचे नऊ जार. शेंद्र्याकडून परतताना २८ किमीला चारच जार होते, उन्हात ठेवलेले, आणि एकाच तोटीवर एक मुलगा पेले भरत होता. निम्मे लोक रांगेत, उरलेले तसेच पुढे.

ओआरएसचं त्याहून वाईट. २१ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. वीस लिटरच्या जारला वीस पाकिटं लागतात. स्वयंसेवकांना सहाच दिली होती. पाणी गोडसर लागलं, पण घामातून गेलेलं मीठ भरून निघण्याइतकं त्यात काही नव्हतं. पाच-पाच तास नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं, उलटी होते, माणूस बरळतो. उष्माघात समजून त्याला आणखी पाणी पाजलं, तर प्रकरण हाताबाहेर जातं. हा फरक वैद्यकीय तंबूतल्या एकालाही सांगितलेला नव्हता.

खऱ्या उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांवर जातं. तेव्हा आधी जागेवर थंड करायचं, मग दवाखाना. टब नसेल तर ताडपत्रीची झोळी करून बर्फाचं पाणी ओततात. दोन लाद्या बर्फ आणि एक ताडपत्री, खर्च तो किती? तंबूपाशी एक रुग्णवाहिका होती आणि बर्फ फक्त पाहुण्यांच्या सरबतात.

आमचं मागणं असं: कट-ऑफ प्रत्यक्ष सुटण्यापासून मोजून 'अपूर्ण' शेरे काढा आणि पदकं पाठवा. ४० किमीच्या मॅटवरची नोंद आपल्याकडे आहे, घड्याळांच्या जीपीएस फायली सोबत जोडल्या आहेत. ज्यांनी पाण्याअभावी २८ ते ३५ किमीच्या दरम्यान स्पर्धा सोडली, त्यांचं शुल्क परत करा. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचं कूपन नको. आणि पुढची स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत घ्या.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. कागद तयार आहेत.

आपले,
मॅरेथॉन गटातले धावपटू, छत्रपती संभाजीनगर