येऊरचं धुकं आणि आपला जुना वाद

ठाणे, 20 जुलै

प्रिय मंग्या,

काकूंच्या गुडघ्याचं निभावलं हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकी तुझं पत्र म्हणजे दोन ओळी. मी मात्र पानभर पिडणार आहे.

रविवारी पहाटे येऊरला गेलो होतो. धुकं असं की पुढचा माणूस दिसेना. टपरीवरचा पिवळा बल्ब तेवढा हातभर उजेड धरून लोंबत होता. कटिंग संपेपर्यंत त्याच्याकडेच बघत बसलो.

विश्वातही असंच धुकं होतं, आणि ते कोणी हटवलं हाच आपला जुना वाद. महास्फोटानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी इलेक्ट्रॉन प्रोटॉनला चिकटले, सगळीकडे उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेला हायड्रोजन (हेच ते धुकं), आणि मग कोट्यवधी वर्षं अंधार. पुढे पहिल्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, पेटल्या. येऊरचा बल्ब धुक्याचं काही वाकडं करत नाही रे. यांच्या अतिनील प्रकाशाने धुकंच फाडलं. 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, आदळला की अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर! दीर्घिकांभोवती बुडबुडे झाले, फुगत एकमेकांत शिरले, आणि विश्व साधारण 100 कोटी वर्षांचं होईतो काम उरकलं. याला पुनर्आयनीभवन म्हणतात. एका दमात म्हणून दाखव.

घोळ असा की हे काम करणारा प्रकाश आपल्यापर्यंत येतच नाही, वाटेतला हायड्रोजन तो गिळतो. शिवाय दीर्घिकेतून मुळात सुटतो किती? आमच्या समोरच्या टॉवरात ढीगभर ट्यूबलाइट जळत असतील, पण पडदे ओढलेले असले तर बाहेरून काय कळणार?

म्हणून जवळची नातलग दीर्घिका शोधावी लागते. ती आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटने, भारताच्या दुर्बिणीवाल्या उपग्रहाने, टिपली! पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतल्या कनक साहांच्या चमूने 2020 मध्ये ते जाहीर केलं. प्रकाश निघाला 930 कोटी वर्षांपूर्वी, आणि त्या अतिनील दुर्बिणीचा आरसा जेमतेम 38 सेंटिमीटरचा, म्हणजे तुमच्या घरच्या परातीएवढा. हबलचा 2.4 मीटरचा. पण आपल्या डिटेक्टरचा गोंगाट फार कमी, तिथे बाजी मारली.

आता वेब दुर्बिणीने उलटीच पंचाईत केलीय. पूर्वी हिशेबात धुकं फाडायला फोटॉन कमी पडायचे, आता काहींच्या हिशेबात ते उरतात. माझी पैज अजून छोट्या, किरकोळ दीर्घिकांवरच. तू क्वेसारवाला, म्हणजे महाकाय कृष्णविवरांमुळे झळाळणाऱ्या दीर्घिका-केंद्रांच्या बाजूचा, तुला पटणार नाही.

गणपतीत येशील ना? गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडून आधीच मागून ठेवतो. ढगांचं मात्र माझ्या हातात नाही.

तुझा,
बाळ्या