समासातल्या एका प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

निकाल लागला, गुणपत्रकं हातात आली, तरी तुमच्याविषयी लिहायला बसलं की मन भरून येतं. संख्याशास्त्राचा पहिला कोर्स ऑनलाइन करणाऱ्याचं घोडं कुठे कुठे अडतं हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही. आभार मानायचे आहेत ते उत्तरपत्रिकेच्या समासात तुम्ही लिहिलेल्या एका छोट्या प्रश्नाचे: "ही शक्यता कशाची?"

त्याचं मोल का वाटतं, हे कळायला आधीचं थोडं सांगावं लागेल. तुमच्याकडे येण्यापूर्वी वर्गातल्या बऱ्याच जणांनी हाच विषय दुसरीकडे घेऊन पाहिला होता. त्या ठिकाणाचं नाव घेत नाही. तिथे प्रश्नाखाली एक रिकामी चौकट असायची, तीत आकडा भरायचा आणि लगेच हिरवी खूण नाहीतर लाल फुली. 1 ते 8 या संख्यांचं पहिलं चतुर्थक, म्हणजे खालचे पाव आकडे जिथे संपतात ती किंमत, काढा, इतका साधा प्रश्न. खालच्या अर्ध्या भागाचा मध्यक घेतला तर उत्तर 2.5. स्प्रेडशीटमध्ये क्वार्टाइल डॉट आयएनसी वापरलं तर 2.75, क्वार्टाइल डॉट ईएक्ससी वापरलं तर 2.25. तिन्ही पद्धती रूढ आहेत. चौकटीला मात्र त्यातली एकच मान्य, आणि ती कोणती हे कुठेही लिहिलेलं नाही. विचारलं की उत्तर यायचं, "व्हिडिओ पुन्हा पाहा." व्हिडिओत चतुर्थक म्हणजे काय एवढंच होतं, ते कोणत्या पद्धतीने काढायचं याचा उल्लेखही नव्हता. बरोबर उत्तरावर फुली पडली की विद्यार्थी डेटाचा विचार सोडून देतो आणि चौकटीला काय हवं असेल ते हुडकत बसतो. वर त्यालाच ऐकवलं जातं की गणित तुझ्या आवाक्यातलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

तुमची पहिलीच सूचना होती की उत्तराशेजारी साधनाचं नाव लिहा. कॅल्क्युलेटर, स्प्रेडशीट, आर किंवा पायथन ही संगणकभाषा, जे वापरलं असेल ते. तेव्हा ती शिस्तीची बाब वाटली होती. मग तुम्ही 2, 4, 4, 4, 5, 5, 7, 9 हे आठ आकडे दिलेत आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, मागितलंत. अर्ध्या वर्गाचं उत्तर 2, अर्ध्याचं 2.14. सरासरी 5, फरकांच्या वर्गांची बेरीज 32, इथपर्यंत सगळे एकत्र होते. पुढे कुणी 8 ने भागलं, कुणी 7 ने. स्प्रेडशीटमधलं एसटीडीईव्ही डॉट पी आणि पायथनच्या नमपायमधलं एसटीडी 8 ने भागतात, एसटीडीईव्ही डॉट एस आणि आरमधलं एसडी 7 ने. कॅल्क्युलेटरवर तर सिग्मा-एक्स आणि एस-एक्स शेजारी शेजारी असतात, घाईत भलतंच वाचलं जातं.

कारणही तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. सरासरी त्याच नमुन्यातून काढलेली असते, त्यामुळे आकडे समष्टीच्या, म्हणजे ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या समूहाच्या, खऱ्या सरासरीपेक्षा तिच्या जास्त जवळ असतात आणि वर्गांची बेरीज हवी त्यापेक्षा कमी भरते. ती तूट भरून काढायला एकने कमी संख्येने भागायचं. हातात पूर्ण समष्टी असेल तर या दुरुस्तीची गरज नाही. चुकला म्हणून कुणाचा आकडा तुम्ही खोडला नाहीत. "तुमच्याकडे नमुना आहे की समष्टी?" एवढं विचारलंत आणि थांबलात.

झेड-टेबलाचंही तसंच; घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ, म्हणजे शक्यता, त्यातून वाचतात. इंटरनेटवर दोन तऱ्हेची टेबलं फिरतात. एक डाव्या टोकापासूनचं क्षेत्रफळ देतं, दुसरं शून्यापासूनचं. 1.96 समोर पहिल्यात 0.9750 दिसतं, दुसऱ्यात 0.4750. पुस्तकातलं उदाहरण एका टेबलाचं आणि विद्यार्थ्याने उघडलेलं पान दुसऱ्याचं असलं की गोंधळ ठरलेला. 1.25 च्या उजवीकडचं क्षेत्रफळ विचारलं तर शून्यापासूनच्या टेबलात 0.3944 मिळतं, ते सवयीने 1 मधून वजा केलं की 0.6056 येतं. तुम्ही आधी घंटेच्या आकाराची वक्ररेषा काढायला लावायचात आणि हवा तो भाग रेघोट्यांनी भरायला सांगायचात. शून्याच्या उजवीकडे उभी रेघ आणि तिच्याही उजवीकडचा भाग म्हणजे निम्म्याहून कमीच असणार, त्यामुळे 0.6056 पाहताक्षणी खटकतं. 0.5 मधून 0.3944 गेले की 0.1056. कच्चं का होईना, चित्र असल्याशिवाय तुम्ही उत्तर तपासायला घेत नव्हतात, आणि आता वाटतं की हा आग्रह प्रत्येक शिक्षकाने धरावा. अ‍ॅन्सकोम्बने 1973 मध्ये मांडलेले ते चार संच तुम्ही पुढे दाखवलेत. चारही संचांत 11 जोड्या, एक्सची सरासरी 9, वायची 7.5, सहसंबंध 0.816, बिंदूंना जुळवलेली रेषाही तीच. आलेख काढल्यावर मात्र एक ढगासारखा विखुरलेला, एक चक्क वक्र, आणि उरलेल्या दोघांत एकेका बिंदूने सगळं फिरवलेलं. त्यानंतर आलेखाबद्दल कुणी कुरकुर केली नाही.

लहान नमुन्यांसाठी झेडच्या जागी वापरायच्या टी-वितरणावर लिहायला बसलं तर पत्र संपायचं नाही. तरी 16 जणांच्या गुणांचं ते उदाहरण राहवत नाही म्हणून लिहितो. सरासरी 52, स्टँडर्ड डेव्हिएशन 8, त्यामुळे स्टँडर्ड एरर, म्हणजे नमुन्याच्या सरासरीतली अनिश्चितता, 8 भागिले 4 (16 चं वर्गमूळ), म्हणजे 2. इथे 1.96 लावणारे खऱ्या सरासरीसाठी 48.08 ते 55.92 असा 95 टक्के विश्वासाचा अंतराल देतात. स्वातंत्र्यमात्रा (इथे नमुन्याच्या संख्येपेक्षा एक कमी) 15 धरून टी-टेबलातलं 2.131 लावलं तर 47.74 ते 56.26. फरक लहान आहे, पण नमुना जितका छोटा तितका तो वाढतो. गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटने 1908 मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने याच अडचणीवर लिहिलं, हे तुमच्याकडून कळल्यावर टी-टेबल परकं वाटेनासं झालं. त्याच उदाहरणात "95 टक्के विद्यार्थ्यांचे गुण 47.74 ते 56.26 च्या दरम्यान आहेत" असं लिहिणाऱ्यांना तुम्ही स्टँडर्ड डेव्हिएशनकडे पुन्हा पाहायला लावलंत. ते 8 आहे, म्हणजे गुण साधारण 36 ते 68 पर्यंत पसरलेले असणार. अंतराल सरासरीबद्दल बोलतो, विद्यार्थ्यांबद्दल नाही.

आता त्या समासातल्या प्रश्नाकडे येतो.

स्वाध्याय नाण्याचा होता. नाणं 20 वेळा उडवलं, 15 वेळा छापा पडला, नाण्यात खोट आहे का? हिशेब सगळ्यांचा बरोबर होता. खोट नाही असं मानलं तर 15 किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता 0.0207, दोन्ही बाजू धरल्या की 0.0414. आधीच्या ठिकाणी इथे हिरवी खूण मिळाली असती आणि धडा संपला असता. तुम्ही मात्र आकड्याखाली एक पूर्ण वाक्य मागितलं होतंत, आणि खरी पडझड तिथे दिसली. "नाण्यात खोट नसण्याची शक्यता 4 टक्के." "हे छापे निव्वळ योगायोगाने पडले असण्याची शक्यता 4 टक्के." "नाणं खोटं आहे हे म्हणणं 96 टक्के बरोबर." वाचायला सगळी वाक्यं समंजस, आणि एकही बरोबर नाही.

तुम्ही फुली मारली नाहीत. बरोबर वाक्य लिहून दिलं नाहीत, व्हिडिओकडे बोट दाखवलं नाहीत. प्रत्येकाच्या वाक्यातला नेमका शब्द अधोरेखित केलात, कुणाचा "नसण्याची", कुणाचा "योगायोगाने", आणि समासात लिहिलंत, "ही शक्यता कशाची?" गुणांचा रकाना कोरा ठेवलात. वाक्य पुन्हा लिहून पाठवेपर्यंत तो कोराच राहिला.

इतका छोटा प्रश्न, पण त्याला उत्तर द्यायचं तर हिशेबाच्या मुळाशी जावंच लागतं. 0.0414 आला तो नाण्यात खोट नाही असं धरून. ज्या गोष्टीला सुरुवातीलाच खरं मानून हिशेब मांडला, तिच्याच खरेपणाची शक्यता त्या हिशेबातून कशी निघेल? ती निघत नाही. निघते ती छाप्यांच्या संख्येची शक्यता. हे एकदा दिसलं की "योगायोगाने" हा शब्दही आपोआप गळतो, कारण योगायोगच चालू आहे असं तर आधीच धरलेलं होतं.

दुसऱ्या खेपेला बऱ्याच जणांनी "15 छापे पडण्याची शक्यता" असं लिहिलं. तिथे तुमची ओळ होती, "फक्त 15?" नेमके 15 छापे पडण्याची शक्यता 0.0148 आहे, 0.0414 नव्हे. मग "किंवा याहून टोकाचा निकाल" हे शब्द वाक्यात आले. शेवटी जे वाक्य उभं राहिलं ते असं: नाण्यात खोट नाही हे गृहीत धरलं, तर 20 फेकींत एवढा किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता 4.14 टक्के आहे. यातला कोणताही तुकडा काढला तरी अर्थ बिघडतो. हे वाक्य पाठ करून आलेलं नाही, म्हणूनच ते विसरत नाही.

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला 2016 मध्ये पी-व्हॅल्यूबद्दल, म्हणजे नाण्याच्या 0.0414 सारख्या आकड्याबद्दल, खास निवेदन काढावं लागलं आणि त्यात हीच चूक स्पष्टपणे नोंदवावी लागली. म्हणजे हा घोळ नवशिक्यांचाच नाही, छापील शोधनिबंधांतही तो सापडतो. असं असताना तुम्ही पहिल्याच कोर्सच्या विद्यार्थ्यांना "एवढं खोलात जायची गरज नाही" असं म्हणून सोडून दिलं नाहीत. यासाठी तुमचे किती तास गेले असतील! यंत्र आकडा एका क्षणात तपासतं. वाक्य माणसालाच वाचावं लागतं, आणि तेही एकेका विद्यार्थ्याचं दोन-दोन, तीन-तीनदा.

समोरचा विचार करू शकतो यावर भरवसा असल्याशिवाय असा प्रश्न कुणी विचारत नाही. ऑनलाइन वर्गात चेहरे दिसत नाहीत, माइक बंद असतात, कुणाला कळलं आणि कुणी नुसती मान डोलावली याचा पत्ता लागत नाही. तिथे एखाद्याचं चुकलेलं वाक्य नीट वाचणं, त्याचा अपमान न करता त्याला थांबवणं आणि त्याच्या उत्तराची वाट पाहणं, याला मी सभ्यपणा म्हणतो. वकुबाची माणसं या क्षेत्रात पुष्कळ आहेत. अशी सभ्य माणसं त्या मानाने फार कमी भेटतात, आणि भेटली की आभार चारचौघांत मानावेत असं वाटतं. आरच्या निकालात 4.1ई-05 असं पाहून कुणी पी-व्हॅल्यू 4.1 लिहिली, तेव्हाही तुम्ही "शक्यता 1 पेक्षा मोठी असू शकते का?" एवढंच विचारलंत. 0.000041 हे उत्तर त्याने स्वतः शोधलं आणि त्याचं श्रेय तुम्ही त्यालाच दिलंत.

एक विनंती करून थांबतो. शेवटच्या आठवड्यात तुम्ही 1000 कल्पनांचा तक्ता दाखवला होतात. त्यातल्या 900 मध्ये शून्य परिकल्पना खरी, म्हणजे परिणाम काहीच नाही, 100 मध्ये खरोखर परिणाम आहे. पी-व्हॅल्यू 0.05 हून कमी आली की निकाल लक्षणीय मानायचा, अशी पातळी लावली तर 900 पैकी सरासरी 45 उगाचच "लक्षणीय" ठरतात, आणि चाचणीची ताकद, म्हणजे खरा परिणाम पकडण्याची शक्यता, 80 टक्के असेल तर 100 पैकी 80 सापडतात. म्हणजे लक्षणीय ठरलेल्या 125 पैकी 45, तब्बल 36 टक्के, ठिकाणी शून्य परिकल्पनाच खरी असते. पी-व्हॅल्यू म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता नव्हे, हे याहून स्पष्ट कशानेच होत नाही. पुढच्या तुकडीला हा तक्ता नाण्याच्या स्वाध्यायानंतर लगेच द्यावा, वाक्य नुकतंच दुरुस्त झालेलं असताना. समासातला प्रश्न मात्र आहे तिथेच, तक्त्याच्या आधी राहू द्या. तक्ता आधी दिला तर विद्यार्थी 36 टक्के हा आकडा तेवढा लक्षात ठेवतील.

मनापासून आभार, मॅडम.

तुमच्या वर्गातला,
एक विद्यार्थी